फोममधला खड्डा

ऑफिसच्या जुन्या खुर्च्या आमच्या कारखान्यात आल्या की आधी कापड उसवून आतला फोम काढतात. वर्षानुवर्षं बसून त्यात खड्डा पडलेला असतो. गिऱ्हाइकाला आधीच्या माणसाची खूण नको असते आणि ती घालवणं हाच आमचा धंदा. त्या खड्ड्यांकडे मी कधी नीट पाहिलंही नव्हतं.

परवा एक बाई आल्या. त्यांचा नवरा वारला होता. त्याचं ऑफिस बंद झालं आणि तिथल्या खुर्च्या आम्ही घेतल्या होत्या. बाईंना त्याची खुर्ची विकत हवी होती.

"उशीर झाला हो," मी म्हटलं. "सगळ्यांचे फोम बदलले."

आमचे कारागीर रशीदभाई उठून भंगाराच्या ढिगाकडे गेले. "ताई, कसे बसायचे ते?"

"उजवा पाय वर मुडपून. साहेब ओरडायचे, 'हे काय देऊळ आहे का?' पण सवय गेली नाही."

रशीदभाईंनी आठ-दहा फोम उलटेपालटे केले आणि एक समोर ठेवला. डावीकडे खोल दबलेला, उजवीकडे टाचेएवढी खळी. बाईंनी त्या खळीत तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

माणूस ऑफिसात उभं आयुष्य घालवतो. त्याच्या सह्यांचे कागद रद्दीत जातात. उरतं ते एवढंच, आणि तेही आम्ही पोत्यात भरतो.

"हाच फोम कुठल्याही खुर्चीत बसवून द्या," बाई म्हणाल्या.

"अहो, पण यावर बसून पाठ धरेल तुमची."

"बसायचंय कुणाला?"