बिनचूक बोधचिन्ह

कार्यक्रम कोणताही असो, पाहुणे यायच्या आधी हेडाऊ मॅडम स्टेजवर चढायच्या आणि मागच्या फ्लेक्सला पट्टी लावायच्या. विद्यापीठाचं बोधचिन्ह ताणलं गेलंय का, त्याच्याभोवती जागा मोकळी सोडलीय का, निळा रंग तोच आहे का, ते बघायच्या. चुकलेलं दिसलं की दीपप्रज्वलन खोळंबलं तरी फ्लेक्स उतरवायला लावायच्या. एकदा एका प्राचार्यांनी हात जोडले. "मॅडम, जाऊ द्या ना, कोण पाहते?" त्या म्हणाल्या, "तुमची सही कोणी लंबी करून छापली तं जाऊ द्याल काय?"

भंडाऱ्याजवळच्या आमच्या उपकेंद्रात मी परीक्षा विभागात, आणि शेजारचं टेबल त्यांचं, जनसंपर्काचं. मोहाडीच्या विणकर घरातल्या, एकट्या राहणाऱ्या, डब्यातली भाजी अर्धी मला वाढणाऱ्या. कोणाला विद्यापीठाचं चिन्ह वापरायचं असेल, तर त्यांच्याकडे अर्ज करायचा आणि त्यांनी मूळ फाईल पाठवायची, असा नियम होता. तो पाळत कोणीच नसे. व्हॉट्सॲपवर फिरून फिरून पुसट झालेला लोगो उचलायचा आणि छापायचा, अशीच रीत. एका प्राध्यापकांनी तर तो मुलीच्या लग्नपत्रिकेवर छापला. मॅडम लग्नाला गेल्या, आहेर केला, जेवल्या आणि निघताना नवरीच्या बापाला बाजूला घेऊन सुनावून आल्या. फोनवर त्यांचं एकच चालू असे, "चोरून कायले छापता? मागा ना! मी देऊनच राहिली ना!" आम्ही हसायचो.

आणि एक दिवस मागणारा माणूस आला. साकोलीला महामार्गालगत त्याची छोटी संस्था होती. बारावीच्या मुलांसाठी विद्यापीठाच्या सहकार्यानं एक दिवसाचं मार्गदर्शन शिबिर घ्यायचं म्हणाला. अर्ज रीतसर, वर विभागप्रमुखांची मंजुरी. फाईल घेऊन तो उठला नाही. "मॅडम, चिन्हाच्या बाजूनं जागा किती सोडायची?" असं त्यानं विचारलं आणि मॅडमचा चेहरा खुलला. त्यांनी चहा मागवला. त्याला शेजारी बसवून रंग, माप, कागद, सगळं समजावलं. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "पाहा सर. साकोलीचा माणूस येऊन इचारते, आन् आपल्या प्राचार्यायले लाज नाही."

त्यानंतर दोनेक वर्षांनी साकोलीकडच्या एका खेड्यातून तुळशीराम कापगते नावाचे शेतकरी मुलीला घेऊन माझ्या टेबलाशी आले. मुलगी प्रणाली, पॅरामेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला.

"साहेब, पोरीच्या परीक्षेचं टाइमटेबल काहून नाही लागून राहिलं? कॉलेजवाले फोन नाही उचलत."

मी संस्थेचं नाव शोधलं. आमच्या संलग्न संस्थांत ते नव्हतं. प्रणालीनं गळ्यातलं ओळखपत्र काढून पुढं केलं. मी ते मॅडमकडे सरकवलं.

"अरे वा, किती साफ छापलं," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर खालच्या संस्थेच्या नावावर गेली आणि त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं.

"तुमच्या कॉलेजला आमची मान्यता नाही," मी म्हटलं.

"असं कसं?" कापगते भिंतीकडे बोट दाखवत म्हणाले. "हा तुमचा भितीवरचा लोगो, आन् हा कार्डावरचा. मिळवून पाहा ना. तेवढं पाहूनच तं टाकलं मी पोरीले."

प्रणाली खरंच दोन्हींकडे आळीपाळीनं बघत होती. मॅडम उठल्या, तिच्याजवळ गेल्या. "बाई, हा लोगो खराच हाये," त्या म्हणाल्या. "मीच देल्ला तो. कॉलेज खोटं हाये."

त्याच दुपारी आम्ही साकोली गाठली. संस्थेचं शटर बंद होतं. पोळ्यापासून कोणी फिरकलं नाही, असं शेजारचा पानठेलेवाला म्हणाला. वर बोर्ड तसाच होता. त्यावरचं चिन्ह इतकं बिनचूक, की आमच्या स्वतःच्या गेटवरचंही तसं नव्हतं. त्या एकाच शिबिराच्या परवानगीवर त्या माणसानं बोर्ड, पावत्या, ओळखपत्रं, सगळं छापून घेतलं होतं. गावोगावच्या मुली त्यावर विसंबल्या होत्या.

पोलिसांत तक्रार झाली. माणूस सापडला नाही. विद्यापीठाच्या चौकशीत एकच प्रश्न विचारला गेला, फाईल कोणी दिली? आपण मंजुरी फक्त शिबिराला दिली होती, असं विभागप्रमुखांनी लिहून दिलं. ते खरंच होतं. मॅडमना खुलासा मागणारं ज्ञापन मिळालं. नियमाप्रमाणेच दिली असं लिहा, म्हणून मी त्यांच्या मागं लागलो.

"नियम पाळूनच तं पोरी बुडाल्या, सर," त्या म्हणाल्या. "आता उत्तर कायचं देऊ?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. स्टेजवर जाणंही सोडलं. वेडेवाकडे लोगो छापलेले फ्लेक्स डोळ्यांसमोर लागायचे आणि त्या खुर्चीत बसून राहायच्या. सुट्टीच्या दिवशी मात्र कापगत्यांच्या गावी जायच्या. प्रणालीला बीएस्सीला घालायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. कधी पुस्तकं न्यायच्या, कधी प्रवेशाची माहिती. तिकडून आल्या की दोन दिवस बऱ्या असायच्या.

शेवटच्या खेपेला मी त्यांना मोटारसायकलवरून नेलं. धानाच्या रोवण्याचे दिवस होते. प्रणाली शेतात, बांधीतल्या चिखलात रोपं लावत होती. आम्हाला बघून ती उठली, हात धुऊन धावत आली. "मॅडम, बीएस्सीची यादी लागली काय?" तिनं विचारलं. तिच्या बापानं तिला पाणी आणायला घरात पाठवलं आणि ते मॅडमसमोर उकिडवे बसले.

"मॅडम, राग नका मानू. तुमचा काही दोष नाही. पण तुमी आता येत नका जाऊ."

"काहून, भाऊ?"

"तुमी आल्या का पोरीले पुन्हा आस लागते. मंग आठ-आठ दिवस जेवत नाही ते. आता सोयरीक पाहून राहिलो. जमते तसं जगू द्या तिले."

प्रणाली पाणी घेऊन आली. मॅडमनी पेला रिकामा केला, तिच्या डोक्यावर हात ठेवला. यादीचं काही सांगितलं नाही. ती गाडीपर्यंत आमच्यामागं चालत आली, तेव्हाही नाही.

परतताना तलावाच्या पाळीवर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. खाली बाया रोवणा करत होत्या. मॅडम उतरून पाळीच्या कडेपर्यंत गेल्या आणि परत आल्या. मग म्हणाल्या, "चला सर."

सोमवारी त्या ऑफिसात आल्या नाहीत. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भावाच्या हाती आला. मी मोहाडीला त्यांच्या माहेरी दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा भाऊच बाहेर आला, "ते कोणालेच नाही भेटत," म्हणाला, आणि मला चहा दिला.