खड्यांची पुडी

मंगलाबाई भोये यांच्या घरी जेवताना कुणाच्या दाताखाली खडा आला, असं तीस वर्षांच्या संसारात एकदाही घडलेलं नाही. हे त्यांचे यजमान देवराम सांगतात. सातपूरच्या कारखान्यात तिन्ही पाळ्यांत राबलेला हा माणूस बायकोचं कौतुक सहसा करत नाही, तेव्हा गोष्ट खरी धरायला हरकत नाही. मंगलाबाईंचं माहेर सुरगाण्याकडचं. तिकडे नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरीत कचकच लागली तर पाहुणा गप्प बसून गिळतो, पण पाहुणा गेल्यावर सासू वर्षभर गप्प बसत नाही.

दहावी शिकलेल्या मंगलाबाई बावीस वर्षांपूर्वी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका विद्यापीठात बाटल्या धुवायला लागल्या. आज त्या अन्नशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेत सहायक आहेत. पीएच.डी. करणाऱ्या मुली वजनकाटा लावायला त्यांच्याकडूनच शिकतात. त्यांचे नियम थोडे आणि ठाम. काट्याजवळ पंखा लावायचा नाही. आकडा लिहिला की खोडायचा नाही. आणि बाहेरून आलेल्या नमुन्यातलं काहीही, अगदी रिकामी पिशवीसुद्धा, अहवाल येईपर्यंत फेकायचं नाही.

दोन वर्षांमागे विभागप्रमुख प्रफुल्ल निकम यांनी एक ध्यास घेतला. भरडधान्यांवर काम करणाऱ्या देशभरातल्या एकवीस विद्यापीठांनी मिळून एक जाळं उभं केलं होतं. आपलं बाविसावं व्हावं, असं त्यांच्या मनात होतं. कारणही तसंच होतं. त्यांची विद्यार्थिनी तेजस्विनी शेजवळ सुरगाण्याच्या नागलीच्या तीन जुन्या वाणांवर काम करत होती. लोह आणि कॅल्शियम अचूक मोजणारं यंत्र नाशकात त्यांच्या विभागाकडे नव्हतं आणि मिळण्याची आशाही नव्हती. जाळ्यातल्या कर्नाटकच्या विद्यापीठात ते होतं, आणि सभासदांना वापरायला मिळत होतं. तेजस्विनीची शिष्यवृत्ती जूनमध्ये संपणार होती. लासलगावहून तिच्या आईचा दर रविवारी फोन यायचा. "झालं का गं तुझं?" एवढंच ती विचारायची, पण त्यात स्थळांची यादी ऐकू यायची.

"सर, ते नेटवर्क म्हंजे नेमकं काय करतात?" मंगलाबाईंनी तेव्हा विचारलं होतं.

निकम सरांनी फळ्यावर ठिपके काढून रेघांनी जोडले. मंगलाबाईंनी ते शांतपणे पाहिलं.

"म्हंजे सावड," त्या म्हणाल्या. "भाताच्या आवणीला आमच्याकडं करतात तशी. आज सगळे माझ्या शेतात, उद्या मी सगळ्यांच्या शेतात."

"अगदी तेच," सर म्हणाले, आणि पुढे दोन ठिकाणच्या भाषणांत त्यांनी हे वापरलं.

सभासदत्व मिळालं, पण अट होती. प्रत्येक प्रयोगशाळेला एकाच पोत्यातल्या नागलीची दोनशे ग्रॅमची पाकिटं यायची. ती जाळून मागे किती राख उरते ते सगळ्यांनी मोजायचं आणि कळवायचं. राख म्हणजे धान्यातली खनिजं. नागली एकच, म्हणजे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. ज्याचा आकडा भलतीकडे जाईल त्याने आठ दिवसांत लेखी कारण द्यायचं. कारण पटलं नाही तर वर्षभर सभासदत्व थांबणार, आणि यंत्रही.

तेजस्विनीने सूचनांचा कागद मराठीत वाचून दाखवला. सगळा नमुना दळायचा, मिसळायचा, त्यातलं पाच ग्रॅम चिनी मातीच्या वाटीत घेऊन भट्टीत ठेवायचं, तीनदा करायचं. मंगलाबाईंनी तीनदा केलं. तिन्ही आकडे एकमेकांना चिकटून आले. शंभराला २.६.

अहवाल फेब्रुवारीत आला. त्यात एक आलेख होता. एकवीस ठिपके ३.५ च्या आसपास दाटीवाटीने बसले होते आणि खाली, पंगतीतून उठवल्यासारखा, एक ठिपका. त्याच्यापुढे शेरा होता: शंकास्पद.

"आपला?" तेजस्विनीने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं.

मंगलाबाईंनी दोन दिवस प्रयोगशाळा उलटीपालटी केली. काटा प्रमाणित वजनांनी तपासला, बरोबर निघाला. भट्टीत दुसरा तापमापक घालून पाहिला, तोही बरोबर. वह्या काढल्या, बेरजा पुन्हा केल्या. चूक कुठेच सापडेना. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला नाही.

शनिवारी निकम सर म्हणाले, "मंगलाबाई, मनाला लावून घेऊ नका. भट्टी जुनी आहे. भट्टीत बिघाड होता असं लिहून देतो. पुन्हा करून पाठवू. या वेळी येईल साडेतीनच्या आसपास."

"येईल म्हंजे? आणायचा का?"

सरांनी चष्मा पुसला. "पोरीचं वर्ष जाईल, बाई."

तेजस्विनी खिडकीजवळ पाठ करून उभी होती, तेवढं मंगलाबाईंना दिसत होतं.

रविवारी सकाळी त्या घरी सूप घेऊन बसल्या. आठवड्याची नागली दळायला द्यायची होती. सूप घोळत होत्या, खडे कडेला गोळा होत होते, बोटांनी ते खाली पाडत होत्या. देवराम पेपर वाचत होते. घोळण्याचा आवाज थांबला म्हणून त्यांनी मान वर केली.

"काय गं? विंचू निघाला का?"

"विंचू बरा होता," मंगलाबाई म्हणाल्या.

सोमवारी त्या सरांच्या आधी येऊन दारात उभ्या होत्या.

"सर, भट्टी बरी हाय. मी नागली निवडली होती."

"म्हणजे?"

"दळायच्या आधी. वरच्या खोलीत सूप हाय माझं. त्यात घोळून खडे काढले, मग दळली."

निकम सर उभेच राहिले. मग त्यांचा आवाज चढला. "पण बाई, कागदावर लिहिलं होतं का निवडा म्हणून? कोणी सांगितलं तुम्हाला?"

"दळायच्या आधी निवड, हे सांगावं लागतं का सर?" मंगलाबाईंनी खरंच विचारलं. "त्यात दळा लिहिलं होतं."

तेजस्विनीला हसू आलं आणि लगेच रडूही. "मावशी, त्यांनी मुद्दाम खड्यांसकट दिली असेल. सगळ्यांनी खड्यांसकट दळली. खडे जळत नाहीत, राखेत तसेच उरतात."

"ते मला काल कळलं, बाय." मंगलाबाईंनी कपाट उघडलं. पाकिटाच्या रिकाम्या पिशवीला एक कागदाची पुडी टाचलेली होती. वर त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: नमुना १४, खडे.

पुडी काट्यावर गेली. १.९ ग्रॅम. तेजस्विनीने गणित मांडलं. उरलेल्या धान्याची राख, अधिक हे खडे, भागिले दोनशे. तिने पेन ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा केलं.

"सर, ३.५३."

एकवीस जणांची सरासरी ३.५२ होती. निकम सर खुर्चीत बसले.

"आपला आकडा चुकलाच नव्हता," ते म्हणाले. "पण हे लिहायचं? देशातल्या मोठमोठ्या विद्यापीठांना? आमच्या बाईंनी सुपात घोळली म्हणून? हसतील, मंगलाबाई. भट्टीचं कारण कसं, कुणी विचारत नाही."

"हसू द्या," मंगलाबाई म्हणाल्या. "सावडीला जाऊन बांधावर बसून राहिलं आन् आवणी केली सांगितलं, तर पुढच्या साली कुणी आपल्या शेतात येतं का? चूक माझी हाय. कागदाबाहेरचं केलं मी. माझं नाव घालून लिहा."

सरांनी लिहिलं. पुडीचा फोटोही जोडला.

आठव्या दिवशी ऑनलाइन बैठक लागली. पडद्यावर बावीस चौकटी. जाळ्याचं काम पाहणाऱ्या कर्नाटकच्या हेगडे मॅडमनी हिंदीत विचारलं, "किसने साफ किया?"

मंगलाबाई कॅमेऱ्यासमोर आल्या, हातात सूप घेऊनच. "मैंने किया मॅडम. ऐसा." आणि त्यांनी मूठभर नागली घोळून दाखवली. दाणे मागे राहिले, खडे कडेला आले. एका चौकटीत कुणी हसलं. दुसऱ्या चौकटीतले ओडिशाचे एक वयस्कर प्राध्यापक म्हणाले, "मेरी माँ भी ऐसे ही करती थी. मैंने लॅब में कभी सोचा नहीं."

मग एक तरुण प्राध्यापक बोलला, आणि त्यानंतर कुणी हसलं नाही. तो म्हणाला, "आमच्या भागातल्या नागलीत लोह फार जास्त आहे, असे आम्ही दोन लेख छापलेत. आम्ही कधी निवडली नाही. ते लोह नागलीचं होतं की मातीचं?"

चौकटीतल्या बऱ्याच जणांनी खाली पाहिलं. प्रत्येकाच्या कपाटात बहुधा असा एखादा लेख होता. एकेकट्या विद्यापीठात हा प्रश्न वीस वर्षं उठला नसता. सगळ्यांच्या नागलीत खडे, सगळ्यांची राख जास्त, मग चूक दिसणार कुणाला? ती दिसायला बावीस ठिपके एका कागदावर यावे लागले, आणि त्यातला एक खाली पडावा लागला.

हेगडे मॅडम शिस्तीच्या होत्या. सूचना मोडली आहे, म्हणून शंकास्पद हा शेरा तसाच राहील, म्हणाल्या. पण कारण मान्य, सभासदत्व कायम. पुढच्या फेरीपासून प्रत्येकाने दोन आकडे द्यायचे, निवडण्याआधीचा आणि निवडल्यानंतरचा. निवडायचं कसं ते नाशिकने चित्रित करून पाठवायचं.

चित्रण तेजस्विनीने मोबाइलवर केलं. त्यात मंगलाबाईंचा चेहरा नाही, त्यांनी तो येऊ दिला नाही. फक्त हात, सूप, आणि शेवटी त्यांचा आवाज: "घाई करायची नाय."

एप्रिलमध्ये तेजस्विनी कर्नाटकला गेली. तिच्या बॅगेत तीन वाणांची नागली होती, मंगलाबाईंनी निवडलेली, प्रत्येकीबरोबर तिची तिची खड्यांची पुडी. यंत्रावर तिला चार दिवस मिळाले. चौथ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मंगलाबाई वाट्या धूत होत्या. त्यांनी हात पदराला पुसले.

"मावशी, कॅल्शियम चांगलं आलंय. पण लोह… छापलेल्या सगळ्या आकड्यांपेक्षा कमी आलंय. निम्मंच. मला वाटलं होतं आपली नागली सगळ्यांत भारी ठरेल. घरी पण तसंच सांगून ठेवलंय."

"किती वेळा केलं?"

"तीनदा. तिन्ही सारखे."

"खडा नव्हता ना एकपण?"

"तुम्ही निवडलेलीत कुठून असणार?"

"मग आपली एवढीच हाय," मंगलाबाई म्हणाल्या. "लिही. आन् खोडू नको."