निर्लेखनाच्या यादीतलं वर्कस्टेशन

आमच्या तंत्रनिकेतनात दर मे महिन्यात डेडस्टॉकची, म्हणजे टिकाऊ सामानाची पडताळणी होते. संगणक विभागाची रजिस्टरं माझ्याकडे असतात, कारण याद्या करायला मला आवडतं आणि बाकी कोणाला आवडत नाही. यंदा मी तीन दिवस रजेवर होते. परत आले त्या शुक्रवारी निर्लेखनाची, म्हणजे भंगारात काढायच्या वस्तूंची यादी टाइप होऊन टेबलावर होती. एकतीस नग. त्यात मी न लिहिलेली एक ओळ : ‘वर्कस्टेशन, रिस्क प्रोसेसर, बंद.’

ते बंद नव्हतं. मार्चमध्ये मी स्वतः त्यावर प्रात्यक्षिक घेतलं होतं. आणि भंगाराचा टेंपो सोमवारी येणार होता.

हे यंत्र मला का हवं, ते सांगते. प्रोसेसरला एकाहून एक अवघड आज्ञा शिकवायची चढाओढ चालली होती, तेव्हा काही लोकांनी उलटा विचार केला. आज्ञा थोड्या ठेवा, सगळ्या सारख्या लांबीच्या ठेवा, एकीनं एकच छोटं काम करावं, पण झटपट करावं. त्या विचाराचं नाव ‘रिस्क’, आणि त्यावर वर्कस्टेशन आणि सर्व्हर उभे राहिले. आमचं त्यातलंच, साडीच्या खोक्यासारखं चपटं. त्याची मेमरी पडद्यावर उघडली की आज्ञा चार-चार बाइटच्या ओळीत नीट उभ्या दिसतात. पोरं वहीत उतरवून हातानं त्यांचा अर्थ लावतात. नव्या पीसीवर एक आज्ञा आखूड, दुसरी लांबलचक. तिसऱ्या ओळीला वही मिटते.

मी यादी घेऊन विभागप्रमुखांकडे गेले.

‘‘मॅडम, पडताळणी समितीनं तपासलंय,’’ ते म्हणाले. ‘‘स्क्रीन काळी. सही करून टाका, एक टेबल मोकळं होईल.’’

‘‘जोडलं कोणी होतं?’’

प्रयोगशाळेचे मामा दारातच होते. वीस वर्षं तेच सामान लावतात. ‘‘म्या नीट जोडलं व्हतं की म्याडम. लाइटीची वायर, पडद्याची वायर. पंखा फिरला, पर पडद्यावर काय बी न्हाय.’’

‘‘आणि कीबोर्ड?’’

‘‘त्यो तिकडं, कीबोर्डाच्या रांगेत. त्येचा नंबर येगळा हाय न्हवं?’’

आता कळलं. आमच्याकडे पडताळणीची पद्धतच तशी आहे. रजिस्टरमध्ये पडदा, कीबोर्ड, माउस सगळ्यांना वेगवेगळे क्रमांक, म्हणून मोजणीला सगळं सोडवून जातीनिहाय रांगा लावतात. पीसीचं त्यानं काही बिघडत नाही. या वर्कस्टेशनला मात्र सुरू होताना कीबोर्ड सापडला नाही, की ते पडद्याचा नाद सोडतं आणि मागच्या केबलवरून दुसऱ्या संगणकाशी बोलायला लागतं. मागे केबल नव्हती. समिती काळ्या पडद्याकडे बघत बसली, आणि ते बिचारं मागच्या भिंतीशी बोलत राहिलं.

‘‘चला, दाखवते,’’ मी म्हटलं.

कीबोर्डांच्या ढिगातून त्याचा कीबोर्ड मामांनीच हुडकला. मी जोडून बटण दाबलं. पडदा पांढरा झाला, आणि तक्रार उमटली.

‘‘बघा, एरर!’’ सर खूश झाले. ‘‘थोड्याच आज्ञा पाळणारं यंत्र ना हे? आमच्या घरी पण एक आहे. दहावीला बसलंय.’’

‘‘हे ज्या पाळतं त्या लगेच पाळतं, सर.’’

आतल्या चिपची बॅटरी संपली असल्यानं बंद केलं की ते स्वतःचा ओळख क्रमांक विसरतं. तो माझ्या वहीत आहे. तो टाइप केला, डिस्क गुरगुरली, आणि दोन मिनिटांत लॉगिन आलं.

‘‘आलं की ओ!’’ मामा म्हणाले.

‘‘चालतंय, मान्य,’’ सर म्हणाले. ‘‘पण आज हे वापरतं कोण?’’

‘‘तुमच्या खिशातल्या मोबाइलचा प्रोसेसर याच विचाराचा आहे. सर्व्हरमध्येही तोच परत शिरतोय. पोरांना उघडून दाखवायला काही नको?’’

‘‘फळ्यावर आकृती काढा की.’’

‘‘आकृतीवर प्रोग्राम चालवता येत नाही.’’

‘‘यादीवर सह्या झाल्यात, मॅडम.’’

‘‘माझी नाही झाली.’’

मी लाल पेन काढलं आणि यादीच्या तिन्ही प्रतींवर ती ओळ सरळ रेघेनं कापली. खाली लिहिलं : एकूण नग तीस.

‘‘ही खाडाखोड आहे!’’

‘‘शेजारी सही केली की दुरुस्ती होते.’’ मी सही केली. ‘‘समितीला मी सांगते. चुकीच्या तपासणीवर सह्या का केल्या, तेही विचारते.’’

‘‘उद्या बंद पडलं तर?’’

‘‘माझ्या ताब्यात लिहा. पडदा, कीबोर्ड, माउससकट. एकाच क्रमांकाखाली.’’

‘‘तशी पद्धत नाही.’’

‘‘मग पाडू या.’’

मी रजिस्टर उघडलं, नवी ओळ लिहिली आणि सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी चष्मा पुसला, मग सही केली.

सोमवारी दहा वाजता टेंपो आला. मी प्रयोगशाळेत यंत्र चालू करून त्याच्यासमोरच बसले होते. भंगारवाल्यानं तीस नग नेले. जाता जाता त्यानं दारातून विचारलं, ‘‘बाई, ह्ये बी न्यायचं ना?’’

‘‘नाही.’’

टेंपो फाटकाबाहेर गेला, तरी संध्याकाळी निघताना मी स्वतःच प्रयोगशाळेला कुलूप लावलं. किल्ली कार्यालयात जमा करायचा नियम आहे. त्या दिवशी मी ती पर्समध्ये टाकली आणि घरी गेले.