स्थळांच्या साइटला कुलूप

लग्न जुळवणाऱ्यांकडे किश्शांना तोटा नसतो. त्यात तुमसरात बसून वेबसाइटवर स्थळं जुळवायची म्हटली, की रोज एक नवा! पण हल्लीच्या किश्शांनी मला हसायच्या आधी हादरवलंय.

सुरुवातच भयंकर. सिहोऱ्याच्या गोपाळकाकांचा फोन आला. मुलीचं लग्न होऊन तीन महिने झाले होते, आम्ही साइटवरून तिचा बायोडेटाही काढून टाकला होता. आणि तिच्या सासऱ्यांना कुठल्याशा ॲपवर आपली सून दिसली! फोटो तोच, नाव दुसरं, खाली 'वर पाहिजे'! कुणीतरी आधीच कॉम्प्युटरचा रोबोट लावून आमच्या साइटवरचे सगळे फोटो उचलून नेले होते. काका रडत होते, "सासू म्हणते का पोरगी दुसरं घर पाहून राहिली!"

साइट सांभाळणाऱ्या मनोजनं त्याच दिवशी कुलपं घातली. आधी प्रत्येक फोटोवर साइटचं नाव छापलं. लगेच एका मुलाच्या आईचा फोन, "पोरीच्या गालावर हे काय गोंदलं हाये जी?"

मग नंबर कॉपी करणं बंद केलं. लोक कागदावर उतरवू लागले. कोंढ्याच्या एकानं आकडा चुकवला आणि भलत्याच घरी विचारलं, "पोरगी पाहाले कधी येऊ?" पलीकडून बाई कडाडली, "ये ना! दोन लेकरं हायेत मले, त्याइलेबी पाहून जाय!"

मग आलं 'मी रोबोट नाही'. सिग्नलचे चौकोन निवडा! चिखल्याच्या खाणीतून रिटायर झालेले एक आजोबा जाम भडकले, "जिंदगी खाणीत काढली, आन आता हा मोबाईल बायकोसमोर म्हणते का मी माणूसच नाई!"

एवढं करून परवा मनोज ओरडला, "चोर सापडला!" एक नवं खातं चार दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, नुसते मुलींचेच बायोडेटा एकामागून एक उघडत होतं. मुलाचा एकही नाही! "माणूस असं करते काय?" म्हणत त्यानं खातं बंद केलं. आम्ही खुशीत चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या दारात गोपाळकाका. "मले काहून बंद केलं?"

मी उडालोच. "काका, तुम्ही? एवढ्या पोरींचे फोटो कायले पाहता?"

"त्या ॲपवर नाव दुसरं होतं ना. म्हून सारेच उघडून पाहून राहिलो. इथंबी तिचा फोटो अजून कुठं असंन तं? माही पोट्टी नांदली पायजे, बाप्पा."

मनोजनं मान खाली घालून खातं सुरू केलं. काका बाकावर बसले, चष्मा लावला आणि मोबाईल पुढे करून म्हणाले, "आता पुन्हा पयल्यापासून पाहा लागन का?"