पडद्यासाठी दोन डोंगर

आमच्या पुर्वोकोदादाला 'नाही' म्हणता येत नाही. जन्मापासूनच येत नाही. दुकानात कुणी येऊन "जरा छत्री ठेवू का इथं?" म्हणालं, की दादा म्हणणार, "ठेवा की." मग ती छत्री वर्षभर त्याच्या कॅमेऱ्याच्या स्टँडला लटकत राहणार. मी त्याची धाकटी बहीण, रेत्नो. माझं लग्न सुमात्रातल्या बाताक माणसाशी झालं आणि सगळा संसार तिकडच्या मेदान शहरात गेला. तिकडं लोक मनात येईल ते मोठ्यानं बोलून मोकळे होतात. त्यामुळे आमच्या जावा बेटावरच्या नातेवाइकांच्या मते मी पार वाया गेले आहे. म्हणू देत बापडे!

दादाचा फोटो स्टुडिओ कुतोआर्जोच्या बाजारात आहे, वडिलांनी थाटलेला. वडिलांनी स्वतःच्या हातानं एक पडदा रंगवला होता. दोन निळे डोंगर, मधून वर येणारा सूर्य, खाली तळं. शाळेत पोरांच्या हातात रंग दिले की पहिलं चित्र हेच निघतं, तसलाच. पण गावात लग्न ठरलं की जोडपं त्या पडद्यापुढं उभं राहायचं, बाळाचा पहिला फोटो तिथंच, हजला निघालेले म्हातारे तिथंच. वडील गेले आणि मग एका वर्षी छत गळलं, मागोमाग वाळवी आली. दादानं गुंडाळी सोडली तेव्हा सूर्य आणि अख्खा एक डोंगर वाळवीच्या पोटात गेला होता.

तेव्हापासून दुकानात उरले नुसते ओळखपत्राचे फोटो. विषम साली जन्मलेल्याच्या मागं लाल कापड, सम सालवाल्याच्या मागं निळं, सरकारी नियमच तसा. दिवसभर आपलं लाल, निळं, लाल, निळं. तेही आता लोक मोबाइलवर काढायला लागलेत. शेवटी दादानं ठरवलं, की ईदनंतरच्या लग्नसराईत नवा पडदा लागला तर ठीक, नाहीतर दुकानाला कुलूप लावून वहिनीच्या भाच्याच्या छापखान्यात कामाला जायचं.

"अरे, मग तयार पडदा घे ना," मी म्हटलं. "परदेशातले मनोरे मिळतात, गुलाबी फुलांची झाडं मिळतात."

"ते छानच असतात गं. पण आपले डोंगर हवेत," दादा म्हणाला. "खरेखुरे. फोटो काढायचा आणि भिंतीएवढा छापून घ्यायचा. फक्त त्यात कुणी नको. माणूस नको, बकरी नको, काही नको. जागा मोकळी असली तरच कुणालाही तिथं उभं राहता येईल ना?"

ईदच्या सुट्टीत आम्ही सगळे वोनोसोबो गावाच्या वरच्या अंगाला वार्सीमावशीकडं जमतो. तिच्या घरामागून चढ चढून गेलं की एक तळं आहे. तिथून सिंदोरो आणि सुंबिंग, दोन्ही डोंगर समोर दिसतात आणि सूर्य बरोब्बर मधून वर येतो. दादाचा सगळा बेत रमजानपासून शिजत होता. मावशीची स्कूटर मागायची, अंधार असतानाच निघायचं, स्टँड पाठीला बांधायचा, एका मित्राची मोठी लेन्स उसनी आणायची. सुट्टीत रोज दुपारी तो 'पाय मोकळे करून येतो' म्हणून वर जायचा आणि कुठं उभं राहायचं ते पाहून यायचा. एका ठिकाणी त्यानं दगडावर दगड रचून खूणसुद्धा करून ठेवली होती. हे सगळं फक्त तुतीकवहिनीला आणि मला ठाऊक. पण पहाट झाली की रोज धुकं! आम्ही घरी परतायच्या आदल्या दिवशी आभाळ स्वच्छ राहील, असं शेजारचा बटाट्याचा शेतकरी म्हणाला आणि दादाचा चेहरा उजळला.

तिथंच घोळ झाला. आनंदात माणसाला भान राहत नाही.

ओसरीवर दार्माजीमामा पाय पसरून बसले होते. त्यांनी सवयीनं विचारलं, "काय पुर्वोको, उद्या कुठं?"

आमच्याकडं याला एकच उत्तर असतं, "इथंच, जरा जाऊन येतो." विचारणाऱ्याला काही जाणून घ्यायचं नसतं आणि सांगणाऱ्यानं काही सांगायचं नसतं. पण दादा भाबडेपणानं खरं बोलून गेला, "वरच्या तळ्यावर, फोटो काढायला." आता जागेचं नाव तोंडातून निघालं म्हटल्यावर रीत सोडून चालतंय होय? तो पुढं म्हणाला, "चला ना मामा, तुम्हीपण."

यावर समोरच्यानं म्हणायचं, "नको रे बाबा, तू जा, मी इथंच बरा." एवढं म्हटलं की दोघं सुटले. पण मामांची सगळी नोकरी जकार्तात झालेली. तिथं राहून ही रीत ते साफ विसरलेत. ते ताठ उठून बसले. "वा! येतो की! किती वाजता?"

मी आतून ऐकत होते. मी कपाळावर हात मारून घेतला.

मामा येणार म्हटल्यावर मामीला वगळता येत नाही. मामीनं दोनदा 'नको' म्हणून तिसऱ्यांदा 'बरं' म्हटलं, म्हणजे तिनं तरी रीत पाळली. मामी निघाली तर वार्सीमावशीला मागं कसं ठेवायचं? आणि मावशीच्या घरात पाहुणी म्हणून आलेल्या आमच्या आईला? अंधार पडेपर्यंत स्कूटरची मिनीबस झाली होती. मावशीनं चुलीवर टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, तळायला घेतले. मामांनी गाणी म्हणायचा स्पीकर चार्जिंगला लावला.

"दादा, सांग ना त्यांना!" मी त्याला विहिरीपाशी गाठून म्हटलं. "दुकानाचा प्रश्न आहे, एकट्यानं जायचंय म्हणावं."

"एकट्यानं? मग काय वाटेल त्यांना? तुतीकशी भांडलो म्हणतील. असू दे गं. येऊन बसतील बिचारे एका बाजूला."

माझ्या अंगाची नुसती आग झाली. या माणसाचं पुढं कसं व्हायचं?

पहाटे बघते तर सगळी मंडळी ईदचे कुटुंबाचे टी-शर्ट घालून तयार. आमच्याकडं दर ईदला अख्ख्या खानदानाला एका रंगाचे कपडे शिवतात. यंदाचा रंग मामांनी निवडलेला, नारिंगी. नारिंगी म्हणजे असा, की रस्त्याचं काम चाललंय असं वाटून ट्रक थांबावेत. पाठीवर मोठ्या अक्षरांत आईच्या वडिलांचं नाव, 'दार्सोनोआजोबांची लेकरं'.

वर पोचलो तेव्हा तळ्यावर धुकं होतं, पण ते हलत होतं, विरळ होत होतं. दादानं स्टँड लावला, आणि पाहतो तर सगळ्यांनी चटया नेमक्या त्याच्या पुढ्यात, पाण्याच्या काठाला अंथरलेल्या! का? तर दादाला आम्ही नीट दिसायला हवेत म्हणून. फोटोग्राफर कुणाचे फोटो काढणार, डोंगरांचे? टेम्पेचे डबे उघडले, गोड चहा ओतला गेला, मामांनी स्पीकर सुरू केला. आईचे गुडघे दुखतात म्हणून तिच्यासाठी घरून प्लास्टिकची खुर्ची आणली होती. मान म्हणून ती सगळ्यात चांगल्या जागी ठेवली. म्हणजे बरोब्बर मधोमध, दोन डोंगरांच्या खाली.

"काढ रे पुर्वोको!" मामा ओरडले.

दादानं हसत फोटो काढला. मग मामा-मामीचा काढला. मग मावशीला तिच्या सुनेबरोबर हवा होता, तो काढला. "हो हो, काढू या की," तो म्हणत होता आणि एक डोळा आभाळावर होता. सिंदोरोचा माथा धुक्यातून सुटला. सुंबिंगचा सुटला. मधली फट केशरी व्हायला लागली. तुतीकवहिनी माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडातून शब्द नव्हता. तीही आमच्याकडचीच ना शेवटी! मला राहवलं नाही.

"उठा!" मी ओरडले. "सगळे उठा इथून! मामा, तो स्पीकर बंद करा आधी. या माणसाला डोंगरांचा फोटो हवाय, मोकळ्या डोंगरांचा. तो मिळाला नाही तर वडिलांचं दुकान बंद होणार आहे. हा तुम्हाला मरेपर्यंत सांगणार नाही, म्हणून मी सांगते. चला, चटया उचला!"

मामीनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं. मामा म्हणाले, "रेत्नो, तू अगदी पक्की बाताक झालीस हो." पण उठले. सगळे उठले, आणि लाजेनं असे भराभर पांगले, की क्षणात सगळा नारिंगी रंग झुडपांमागं गेला.

राहिली आई.

ती खुर्चीत तशीच बसून होती, आमच्याकडं पाठ करून, डोंगरांकडं बघत. आता खरं सांगते, माझी सगळी बाताकगिरी तिथं संपली. मामांवर ओरडणं वेगळं आणि आईला 'ऊठ' म्हणणं वेगळं. आमच्याकडं आई बसली असेल तर तिच्या पुढून जातानासुद्धा वाकून जातात. मी वहिनीकडं बघितलं, वहिनीनं खाली बघितलं. सूर्याची कड दिसायला लागली होती. हे असंच जाणार, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात दादा कॅमेऱ्यामागून निघाला. वाकून चालत आईच्या खुर्चीपाशी गेला आणि ओल्या गवतात गुडघे टेकून बसला. थोरामोठ्यांशी बोलायची आमची जुनी आदबशीर भाषा आहे, त्या भाषेत बोलला.

"आई, माफी असावी. तुम्ही इथं नको. आपण उठावं."

चौपन्न वर्षांच्या माझ्या भावानं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी 'नको' म्हटलं, आणि तेही आईला.

आईनं त्याच्याकडं वळून बघितलं. मग त्याच्या खांद्यावर भार देऊन उठली आणि एक अक्षर न बोलता चालत कडेला आली. वहिनीनं खुर्ची ओढून घेतली. दादा पळत कॅमेऱ्याकडं गेला. सूर्य दोन डोंगरांच्या मधून वर आला, तळ्यात उतरला, आणि चित्रात कुणी म्हणजे कुणी नव्हतं. दादा खटाखट फोटो काढत होता आणि बाहीनं डोळे पुसत होता.

फोटो मिळाला, पण आईनं तोंड मिटलं ते मिटलंच. उतरताना बोलली नाही, जेवताना बोलली नाही, दुसऱ्या दिवशी कुतोआर्जोपर्यंतच्या रस्त्यात बोलली नाही. आमच्याकडं रागावलेलं माणूस भांडत नाही, गप्प होतं, आणि त्या गप्प बसण्यानं घरातल्यांना घास उतरत नाही. दादा तर सुकून गेला. छापखान्यातून भिंतीएवढा पडदा तयार होऊन आला. एवढा देखणा झालेला, की बाजारातले लोक थांबून बघायला लागले. पण दादा म्हणाला, "रेत्नो, नकोच होतं मी बोलायला. काय करायचाय हा पडदा? आई दुखावली."

"तू दुकान वाचवलंस," मी म्हटलं. पण मेदानला परतायचं तिकीट मी पुढं ढकललं. हे असं सोडून मला जाववेना.

दुकान उघडायच्या दिवशी सकाळीच सायकलरिक्षा दारात थांबली. आई उतरली. तपकिरी बाटिकचं लुंगीसारखं वस्त्र नेसलेली, वर ठेवणीतला झग्यासारखा जाळीचा ब्लाउज, केसांचा अंबाडा गच्च बांधलेला, ओठांना चक्क लाली. ती सरळ आत गेली आणि पडद्यापुढं उभी राहिली. डोंगर बघितले, तळं बघितलं.

"तिथून उठवलंस ना मला?" ती दादाला म्हणाली. "आता तिथंच बसव."

दादा पुढं झाला. "आई, तुम्ही रागावला होता ना?"

"रागावले होते. तुझ्यावर नव्हे," आई म्हणाली. "तुझ्या बापानं पडदा रंगवला तेव्हा रंग कालवून मी दिले होते. अख्खं गाव बसलं त्याच्यापुढं. मी एकदा म्हटलं, माझा एक काढा. ते म्हणाले, थांब, आधी गिऱ्हाईक. मीही कधी पुन्हा बोलले नाही, बरं दिसत नाही म्हणून. मग ते गेले, पडदाही गेला. तळ्याकाठी तू मला ऊठ म्हणालास, तेव्हा मनात आलं, या पोराला तोंड उघडता आलं. मला का नाही आलं?"

मी रडायला लागले. मला काही असलं गप्प राहून सोसता येत नाही, मी हमसून रडले. दादानं स्टूल आणून डोंगरांच्या मधोमध ठेवलं, आईचा हात धरून तिला बसवलं आणि बाटिकच्या चुण्या नीट करून तो कॅमेऱ्यामागं गेला. तेवढ्यात दारातून एक नवरा-नवरीचं जोडपं आत डोकावलं.

"साहेब, आमचा फोटो काढता का? घाई आहे जरा."

दादा कॅमेऱ्यामागून न बघता म्हणाला, "नाही. बसा बाहेर. आधी आई."