एकदा तरी हिच्याशी जुळवीन!

एकाच हॉलमध्ये दर महिन्याला तीच माणसं जमली, की किस्से शोधावे लागत नाहीत, साचत जातात. अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळाच्या गेम शोचे माझ्याकडे इतके साचलेत, की आता सांगून मोकळं झालेलं बरं!

शो टीव्हीवरच्या जुन्या सेलिब्रिटी पॅनेलच्या धर्तीवर. होस्ट मी. मी एक वाक्य वाचते, त्यात एक जागा रिकामी. पॅनेलवरचे सहा जण कार्डावर गुपचूप शब्द लिहितात, मग स्पर्धक आपला शब्द सांगतो. जितक्यांशी जुळेल तितके पॉइंट. दुपारी मुलांचा शो, संध्याकाळी मोठ्यांचा. सेलिब्रिटी आमचेच: दातांचे डॉक्टर, बस स्टॉपच्या बाकड्या-बाकड्यावर जाहिरातीचा फोटो असलेली, घरं विकणारी रिअल्टर, अख्ख्या गावाला मोदक शिकवणाऱ्या विद्याकाकू वगैरे.

* * *

पहिल्या संध्याकाळी सहाही कार्डांवर एकच शब्द. पुढच्या प्रश्नालाही तेच! पॅनेल एकमेकांना विचारून लिहीत होतं.

डॉक्टर म्हणाले, "अहो, उगाच कुणाला वाईट वाटायला नको!"

पुढच्या महिन्यापासून मध्ये पुठ्ठे लावले.

* * *

पुठ्ठे आले आणि सुहासकाकांची पंचाईत झाली. काका म्हणजे विद्याकाकूंचे यजमान. स्पर्धक म्हणून उभे राहिले, पाच जणांशी जुळलं, बायकोशी नाही! हॉल खो खो हसला.

काकांनी माइक ओढून घेतला. "एकदा तरी हिच्याशी जुळवून दाखवीन. तोपर्यंत दर महिन्याला माझं नाव लिहायचं!"

मी लिहीत गेले. दर महिन्याला काका हरत गेले.

* * *

काकांनी तीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलेलं. घरी त्यांनी काकूंच्या आवडीनिवडींची एक्सेल शीट सुरू केली. "विद्या, आंबा की फणस? क्विक!"

आठवड्याभरात काकू वैतागल्या. "आज आंबा, उद्या फणस! माणूस आहे मी, ॲप नाही!"

काकांनी शीटमध्ये एक कॉलम वाढवला: 'मूड'.

* * *

एकदा त्यांची लेक मीरा आली होती. इथेच जन्मलेली, वकील. म्हणाली, "बाबा, जस्ट आस्क हर बिफोर द शो, यार!"

"चीटिंग? चाळीस वर्षांच्या संसारात आता चीटिंग करू?"

त्या संध्याकाळी काका 'लोणचं' म्हणाले, काकूंनी 'पापड' लिहिलं. काका सगळ्यांबरोबर हसले, पण गाडीकडे काकूंच्या चार पावलं पुढे, एकटेच चालत गेले. मला फार वाईट वाटलं.

* * *

आणि गेल्या महिन्यातला हा. वाक्य होतं, "म्हातारा नवरा सकाळी उठला, की आधी अमुक शोधतो." अमुकच्या जागी काय? अख्ख्या हॉलला उत्तर माहीत होतं. पॅनेल लिहून मोकळं झालं, काकूंचं पेन तेवढं अजून चालू होतं.

काका म्हणाले, "बायकोला."

हॉल ओरडला, "काका, चष्मा! चष्मा म्हणा!"

"नाही. बायकोला. लॉक करा."

कार्डं उलटायला लागली. चष्मा, चष्मा, पाचही चष्मा. शेवटी काकूंचं. चष्मा!

"अहो, तुम्ही चष्माच म्हणाल असं वाटलं हो मला," काकू कशाबशा म्हणाल्या.

मी त्यांचं कार्ड हातात घेतलं. वरच्या कोपऱ्यात आधी एक शब्द लिहून खोडलेला होता. वाचता येत होता. 'मला'.

मी तो माइकवर वाचला. काका चालत माझ्यापर्यंत आले, कार्ड डोळ्यांजवळ धरून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"होस्ट," ते म्हणाले, "खोडलेलं धरतात का?"