आयफेल टॉवरची सुरगाठ

"परत कर गं. चपला काढ, पान ठेव, पाया पड. पाहुणे बघतायत."

सकाळपासूनची ही नववी वेळ. मी चौथीत होते. समोर बांबूचा आयफेल टॉवर, दुमजली घराएवढा, अंगाला सोनेरी कागद चिकटवलेला. बाजूला माईक घेऊन हे सांगणाऱ्या प्रिन्सिपल मॅडम. भोवती मोबाइल रोखून उभे असलेले पालक. मी चपला काढल्या, आंब्याचं पान ठेवलं, वाकले. सगळे खदाखदा हसले. एक बाई म्हणाली, "सो क्यूट! अजून एकदा कर ना बेटा, माझा व्हिडिओ हलला."

मी दहाव्यांदा वाकले.

नाशिकची ती मोठी इंग्रजी शाळा. आमची फी सरकार भरायचं, म्हणून पेठ-सुरगाण्याकडच्या आम्हा आदिवासी पोरांना तिथं घेतलेलं. 'स्कीमची मुलं' हे आमचं नाव. खरी नावं हजेरीपुरती. जेवणाची रांग वेगळी, बाक शेवटचे, झोपायला पत्र्याची खोली. आणि रेक्टरच्या हातात काळा पाइप, पाण्याचा, हातभर लांब. तो पाइप मी पहिलीपासून ओळखत होते.

त्या दिवशी शाळेत 'जगाची सफर' होती. मुलांना जगातल्या प्रसिद्ध जागा कळाव्यात म्हणून मैदानभर जग मांडलेलं. थर्माकोलचा पिरॅमिड, खोक्यांची चीनची भिंत, ताजमहाल, आणि मधोमध हा टॉवर. प्रत्येक मुलाला निळ्या पुठ्ठ्याचा पासपोर्ट. आत त्याचा फोटो, त्याचं नाव. एकेका जागी जायचं, माहिती ऐकायची, शिक्का मारून घ्यायचा. स्कीमच्या मुलांना पासपोर्ट नव्हते. आम्हाला कामं होती. खुर्च्या लावा, पाणी भरा, दोऱ्या धरा.

टॉवर आदल्या दिवशी आम्हीच बांधला होता. बांबूचं काम म्हटलं की शाळेला आमची आठवण यायची. उभा केला तेव्हा तो पुढे झुकायला लागला, म्हणून मागून एक जाड दोरी ओढून खुंटीला बांधली. ती गाठ मी मारली. बाने शिकवलेली सुरगाठ, शेळी बांधायची. हिसका दिला की सुटते. निरगाठ मारायची असते अशा ठिकाणी, हे मला कुठं ठाऊक!

टॉवर उभा राहिला आणि मी चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या गावाच्या शिवेवर वाघदेव आहे. सागाचा खांब, त्यावर वाघ, नाग, चांद, सूर्य कोरलेले. त्याच्या पुढून जाताना चपला काढायच्या, एक हिरवं पान ठेवायचं. बाईंनी वर्गात सांगितलेलं, हा टॉवर बघायला अख्ख्या जगातून माणसं येतात. मला वाटलं, एवढ्या लांबून माणसं येतात म्हणजे देवच असणार. मी पान ठेवलं आणि पाया पडले. यात हसण्यासारखं काय होतं, सांगा ना मला!

रेक्टर पोट धरून हसला. मॅडमना बोलावून आणलं. मॅडम हसल्या नाहीत, त्यांचे डोळे चमकले. म्हणाल्या, "उद्या दिवसभर हेच करून दाखवायचं. संध्याकाळी तुला पासपोर्ट देते. सगळे शिक्के मारून."

मला तो पासपोर्ट पाहिजे होता. लाज कशाची, खरं तेच सांगते. त्या निळ्या पुठ्ठ्यासाठी मी शंभर वेळा वाकले असते. रात्रभर मी मनात माझं नाव त्याच्यावर लिहीत होते.

म्हणून वाकत होते. अकरा. बारा. एका पोराने पाठीवर शेंगांची टरफलं टाकली, तरी वाकले. एकाने माझी चप्पल लाथेने उडवली, ती आणून परत काढून ठेवली. शाळेचीच पोरं ती, माझ्या वर्गातली.

मग गेटमधून बा आला. दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत कामाला होता. सुट्टी घेऊन मला भेटायला आलेला. हातात कागदाच्या पुडीत द्राक्षं, अंगात धुतलेला शर्ट. लेक मोठ्या शाळेत आहे म्हणून वर्षभर जपलेला शर्ट. मला बघून तो हसला. हात वर केला.

मॅडमनी त्याला बघितलं. माईकमध्ये म्हणाल्या, "हे बघा, हिचे वडीलच आलेत! या मामा, या. तुम्ही पण दाखवा ना, दोघं मिळून."

बाला काही कळलं नाही. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको. पण मॅडम सांगतायत, एवढे लोक बघतायत. त्याने पुडी खाली ठेवली. वहाणा काढल्या. मला हळू आवाजात म्हणाला, "वाकू गं पोरी. काय जातंय आपलं. तुला शिकवत्यात ना त्या."

आणि माझा बा कंबरेतून वाकायला लागला.

लोक हसले. अगदी तसंच हसले, जसे माझ्यावर हसत होते. माझ्या डोक्यात आग पेटली. मी वाकत होते तेव्हा ते मला खेळासारखं वाटत होतं, पासपोर्ट मिळवायचा खेळ. बा वाकला तेव्हा कळलं, हा खेळ नव्हताच कधी. हे आम्हाला मारत होते. न हात लावता मारत होते, सकाळपासून.

मी ओरडले, "बा, उठ!"

आणि पळत टॉवरच्या मागे गेले. दोरी धरली. हिसका दिला.

वारा होताच. टॉवर आधी करकरला. पुढची माणसं किंचाळत पांगली. मी बांबूला खांदा लावून ढकललं, जीव खाऊन ढकललं, आणि तो आख्खा आयफेल टॉवर तोंडावर पडला. मॅडमच्या माईकवर, खुर्च्यांवर, शिक्क्यांच्या टेबलावर. एक बांबू मॅडमच्या खांद्याला लागला. लागू दे. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मग पाइप. रेक्टरने मला केसांना धरून पत्र्याच्या खोलीपर्यंत ओढत नेलं. पाठीवर, पायांवर, मग डोकं झाकायला वर केलेल्या हातांवर. डाव्या हाताची दोन बोटं मोडली. ती अजून नीट मिटत नाहीत. बाहेर वॉचमनने बाला काठीने झोडपलं. त्याचा शर्ट फाटला. द्राक्षं मैदानभर तुडवली गेली.

संध्याकाळी आम्हाला गेटबाहेर काढलं. पेठ फाट्यावर एसटीची वाट बघत उभे होतो. बाने विचारलं, "गाठ कोणी मारलेली?"

"मी."

"निरगाठ का नाय मारली?"

"तूच सुरगाठ शिकवली."

त्याने माझ्या थोबाडीत मारली. सगळ्या स्टँडसमोर. "शाळा गेली तुझी! कळतंय का, शाळा गेली!" आणि मग तिथंच फुटपाथवर बसून रडला. त्या दिवसातला तोच एक मार मला अजून लागतो. पण त्याला माफ करण्याचा प्रश्नच येत नाही, कारण तो मार त्याचा नव्हता. तो त्याच्या हातात कोणी दिला, हे मला दिसलं होतं.

मी गावच्या शाळेत शिकले. आता पेठकडच्याच एका वस्तीवर शिक्षिका आहे. माझ्या वर्गात जग आहे. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचे पासपोर्ट, बटाटा कोरून केलेले शिक्के. पिरॅमिड, ताजमहाल, चीनची भिंत, सगळं दाखवते. पहिल्या पानावर शिक्का आमच्या वाघदेवाचा. प्रत्येक पासपोर्टवर पोराचं पूर्ण नाव, बापाचंही, आईचंही. मागे एका पोरीने मोबाइलवर आयफेल टॉवर बघून विचारलं, "बाई, याच्या पाया पडायचं?" मी म्हटलं, "तुला वाटलं तर पड. कोणी सांगितलं म्हणून नाही."

गेल्या आठवड्यात त्या शाळेचं पत्र आलं. 'जगाची सफर' अजून चालू आहे. वीस मुलं पाठवा, पारंपरिक वेशात. कार्यक्रमाचं नाव छापलंय, 'आदिवासी नमन'. माझ्या मूर्खपणाचा त्यांनी रिवाज केला! इतकी वर्षं आमचं कुणाचं ना कुणाचं पोर तिथं वाकतंय, आणि मला पत्ता नव्हता.

मी उत्तर पाठवलंय. मुलं येतील. गणवेशात येतील, पायात बूट घालून, हातात स्वतःचे पासपोर्ट घेऊन. तुमच्या मुलांच्या रांगेतच उभी राहतील. एकही पोर वाकणार नाही. वाकायला सांगाल त्या मिनिटाला मी माईक हातात घेईन आणि माझी मोडलेली दोन बोटं सगळ्यांना दाखवीन.

आणि पोरांना मी सध्या गाठी शिकवतेय. आधी निरगाठ, मग सुरगाठ. कारण टॉवर उभा करायला तुम्ही आमच्याच पोरांना लावणार, हे मला माहीत आहे.